पडद्यावरचा इतिहास आणि चौकातला इतिहास

डॉ. कोटणीस कोण, हे सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. तरी परवा वर्गात मी मुद्दाम विचारले, "डॉक्टर दिसायला कसे होते रे?" मागच्या बाकावरच्या एका मुलाने मोठ्या हौसेने वर्णन केले. ऐकून मला हसू आले आणि थोडी काळजीही वाटली. कारण ते वर्णन व्ही. शांताराम यांचे होते!

यात त्या मुलाचा दोष नाही. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकातून ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट काढला आणि नायकाचे काम स्वतःच केले. तोच चेहरा लोकांच्या मनात बसला.

मग मी दुसरा प्रश्न टाकला, "पथकात डॉक्टर किती होते?" वर्ग गप्प. डॉक्टर होते पाच. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. यांतले चोळकर तर आपल्या नागपूरचे. चौघे परत आले आणि आठवणीच्या कडेला राहिले.

आता कोणी म्हणेल, "अहो, तो कथापट. अनुबोधपटात तरी खरेच दाखवतात ना?" अनुबोधपटातली माणसे खरी, प्रसंग खरे, हे कबूल. पण कॅमेरा कुठे उभा करायचा, कोणता तुकडा ठेवायचा, कोणता कापायचा आणि त्यावर निवेदकाने काय बोलायचे, हे कोणीतरी ठरवतेच. विठ्ठलभाई झवेरी यांचा 'महात्मा' हा १९६८ सालचा अनुबोधपट घ्या. ३३ रिळांचा, साडेपाच तासांचा. मोठे काम. पण गांधीजी जन्मले १८६९ साली. तेव्हा सिनेमाच निघाला नव्हता. त्यांच्या बालपणाचे हलते चित्र कुठून आणणार? शिवाय सभा टिपता येते, मिरवणूक टिपता येते; माणसाच्या मनात रात्रभर चाललेली घालमेल कशी टिपणार?

१९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली. पुढे कित्येक वर्षे मुख्य खेळाआधी तिचा पट लागे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पंडितजींना आणि नव्या धरणांना पडद्यावर पाहिले ते असेच. दूरचा देश आपला वाटू लागला, हा लाभ थोडाथोडका नव्हे. पण धरणाची भिंत जेवढी दिसली, तेवढे पाण्याखाली गेलेले गाव दिसले नाही. उजनीकाठच्या मंडळींना हे मी काय सांगावे!

आता आपल्या चौकात या. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले. त्या दिवसांचे हलते चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही. मग ती आठवण टिकली कशी? चौकातल्या पुतळ्यांनी आणि घरोघरच्या बोलण्याने. पण बोलणे थांबले, तर पुतळ्याखालून एस.टी. तेवढी जाते. माझ्या वर्गातल्या मुलांना त्या चारांपैकी दोनच नावे सांगता आली.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. मुलांना अनुबोधपट जरूर दाखवा, पण दाखवून झाल्यावर दिवा लावा आणि तीन प्रश्न विचारा. हा पट कोणी काढला? कधी आणि कशासाठी काढला? यात कोण दिसले नाही? आणि गावकरी मंडळींनो, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तुमच्या ओसरीवर असते. आज्याने सांगितलेली गोष्ट नातवाला सांगा, आणि त्याला ती वहीत उतरवून घ्यायला लावा. त्या गोष्टीतही चूक असेल, पदरचे मीठमसाले असेल. तेव्हा तीही दुसऱ्याच्या गोष्टीशी ताडून पाहावी लागेलच. पण ताडायला आधी ती हाती तर हवी.

पडद्यावरचा उजेड तासाभरात मालवतो. पुढचे काम आपले आहे.