सरासरी वाढली, पण लेकरू कुठे आहे?

(पाठीराख्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमच्या देणग्यांवर पोडांवरचे संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात. पैशाचा हिशेब खजिनदारांनी दिलाच आहे. मुलांच्या शिकण्याचा हिशेब आम्ही कसा ठेवतो आणि तुम्ही तो कसा वाचावा, एवढंच मी सांगणार आहे.

मोजायचं काय, हे आपल्याला नव्याने शोधावं लागलं नाही. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' ही पाहणी सुरू केली. तिचे स्वयंसेवक खेड्यांत घरोघरी जातात आणि एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावतात. आधी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल सहज जिथपर्यंत वाचतं, ती त्याची पातळी. मग ते कितवीतही असो. आपणही याच पायऱ्या धरल्या. अक्षरंही येत नसतील तर १, अक्षरं २, शब्द ३, परिच्छेद ४, गोष्ट ५.

हे सगळं एक्सेलच्या एका पानावर मावतं. प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ, प्रत्येक चाचणीचा एक उभा रकाना. मूल हजर नसेल तर तिथे शून्य घालायचं नाही, 'गै' लिहायचं. न आलेलं मूल आणि न वाचता येणारं मूल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सरासरीबद्दल. समजा वर्गात २० मुलं आहेत. ८ मुलं अक्षरांवर, १२ परिच्छेदावर. सरासरी ३.२. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात सुरू होते. आईबाप वेचायला जातात, मोठी मुलं त्यांच्यासोबत किंवा धाकट्यांना सांभाळायला. समजा अक्षरांवरची ५ मुलं यायची थांबली. उरलेल्या १५ जणांची सरासरी होते ३.६. आलेखातली रेघ वर गेली. एकही मूल एक शब्दसुद्धा जास्त शिकलेलं नाही! उलट ज्यांच्यासाठी वर्ग काढला, तीच गळाली.

म्हणून आम्ही दोन नियम केले. पहिला, तुलना करायची ती दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच; गळालेल्यांची यादी तिच्याशेजारी वेगळी. दुसरा, एका रेघेऐवजी उभे खांब काढायचे. प्रत्येक चाचणीचा एक खांब, त्यात पाच पातळ्यांचे पाच रंग. सर्वात खालचा रंग आक्रसतोय का, तेवढं बघायचं. तो तसाच जाड राहिला, तर वरचे रंग कितीही छान दिसोत, काम अडलेलं आहे.

आणखी एक रकाना आपल्या जिल्ह्यात लागतोच: घरची भाषा. केळापूर, झरी-जामणीकडच्या अनेक कोलाम घरांत कोलामी बोलतात. ती द्राविडी कुळातली भाषा, मराठीपासून पार वेगळी. मूल 'शब्द' पातळीवर अडलं, तर त्याला अक्षरं जुळवता येत नाहीत, की जुळवलेल्या शब्दाचा अर्थच ठाऊक नाही? पहिल्याला वाचनाचा सराव हवा, दुसऱ्याला आधी मराठीत गप्पा आणि गोष्टी. आकडा दोघांचा सारखाच, ३. तो रकाना पाहिल्यावर शिक्षिका दोघांकडे वेगळ्या नजरेने बघते. बाकीचं तिलाच जवळ बसून ओळखावं लागतं. ते संगणक सांगत नाही.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ तुम्हाला माहीत आहे. एक मेंढरू हरवलं हे त्याला कळलं, कारण त्याने मोजलं होतं. नव्याण्णव आहेत म्हणजे जवळपास सगळी आहेत, असं तो म्हणाला नाही. आपला तक्ता त्यासाठीच आहे.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. तिमाही अहवाल हाती आला की 'सरासरी किती वाढली?' असं विचारू नका. 'खालच्या रंगात किती मुलं उरली, आणि न येणाऱ्यांच्या घरी कोण जाऊन आलं?' असं विचारा. आणि ज्यांना जमेल त्यांनी चाचणीच्या दिवशी अर्धा दिवस द्या. ज्याने शिकवलं त्यानेच तपासलं, तर हात सैल पडतो. बाहेरचं माणूस हवं. मराठी नीट वाचता येणं आणि लेकराजवळ शांत बसता येणं, एवढीच पात्रता.

मुलांची नावं मात्र त्या खोलीबाहेर जाणार नाहीत. छापील आलेखात रंग असतील, नावं नसतील.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.