हुतात्म्यांना कोणत्या सुरात आठवायचं?



२१ नोव्हेंबर जवळ आला की आपल्या वस्तीवस्तीत एक वाद पेटतो. हार कुणी घालायचा याबद्दल फारसं भांडण नाही. भाषण कुणी करायचं याबद्दल थोडं आहे. खरं भांडण आहे ते गाण्याचं! हुतात्म्यांच्या नावानं काय वाजवायचं आणि काय गायचं? एक म्हणतो, बँड आणा, कार्यक्रमाला वजन येईल. दुसरा म्हणतो, बुवांना सांगा, रात्रभर भजन होऊ दे. तिसरा म्हणतो, रडगाणं नको, डफ कडाडला पाहिजे, रक्त उसळलं पाहिजे. आणि चौथा तर सगळ्यांत शहाणा! तो म्हणतो, मोबाईल कर्ण्याला जोडून द्या आणि मोकळे व्हा.

कुणी म्हणेल, घरभाड्याचे, पगाराचे प्रश्न सोडून हे गाण्याचं काय काढलंत? आम्ही सांगतो, हा प्रश्न लहान नाही. आपल्या बापजाद्यांपैकी किती जणांनी इतिहासाची पुस्तकं वाचली होती? शिवाजी महाराजांनी अफजलखानाला कसा गाठला, हे त्यांना शाहिरानं सांगितलं. तुकोबांचं दुःख त्यांना टाळांनी सांगितलं. कामगाराच्या घरात इतिहास कपाटात राहत नाही, तो गळ्यात राहतो. म्हणून गाणं चुकलं की आठवण चुकते, आणि आठवण चुकली की माणसं दुसऱ्यांदा मरतात.

आधी माणसं कोण होती ते पाहू, म्हणजे गाणं कोणतं ते आपोआप कळेल.

१९५५ च्या नोव्हेंबरात मुंबई महाराष्ट्रापासून तोडून तिचं वेगळं शहरराज्य करण्याचा बेत पुढे आला. २१ नोव्हेंबरला गिरण्यांचे माग थांबले, आणि कामगार फ्लोरा फाउंटनला जमले. त्यांनी विधानसभेकडे जाऊन एवढंच सांगायचं ठरवलं होतं की मुंबई आमची आहे. उत्तर मिळालं ते अश्रुधुराचं आणि गोळीचं. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केलं, आणि मुंबईचे रस्ते पुन्हा रक्तानं भिजले. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावातही गोळी चालली. सीमाभागातले आपले भाऊ म्हणूनच १७ जानेवारी हा हुतात्मा दिन पाळतात.

कुणी १०५ म्हणतो, कुणी १०६, कुणी १०७. आकड्यावर भांडू नका, यादी उघडा आणि नावं वाचा. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल शेठ. के. जे. झेवियर. वेदीसिंग. मुनीमजी बलदेव पांडे. बेळगावचे मारुती बेन्नाळकर. निपाणीच्या कमलाबाई मोहिते. ऐकलंत? आपले वैरी म्हणत होते की ही चळवळ परप्रांतीयांच्या द्वेषाची आहे. त्यांना ही यादी दाखवा. गोळीनं कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही आणि घरात कोणती भाषा बोलतोस हेही विचारलं नाही. मराठी राज्यासाठी सांडलेल्या रक्तात ही सगळी नावं मिसळलेली आहेत.

आता सांगा, या सगळ्या नावांना पुरेल असं गाणं कोणतं?

बँडवाल्या मित्राला आम्ही पहिल्यांदा उत्तर देतो. बँड लग्नात शोभतो. बिगूल सरकारी मानवंदनेत शोभतो. पण जी माणसं पोलिसांच्या गोळीनं पडली, त्यांच्या समाधीवर पोलिसी थाटाचा बिगूल वाजवायचा, हे आमच्या मनाला पटत नाही. आणि हल्ली बँडच्या पाठोपाठ डीजेच्या भिंती येतात. त्या आवाजात छाती हादरते, पण छातीच्या आतलं काही हलत नाही. शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही. अहो, मागखात्यात आपण जन्मभर एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखलं, कारण मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नव्हता. पोटासाठी तो गोंगाट सोसला. आता श्रद्धांजलीलाही तोच गोंगाट पैसे मोजून आणायचा काय?

कर्ण्यावर गाणं लावून मोकळं होणाऱ्या मित्राला एकच विचारतो. घरात माणूस गेलं तर रडायला भाड्यानं माणूस आणतोस काय? गाणं कितीही गोड असो, ते तयार आणून वाजवलं की आपण नुसते ऐकणारे होतो. टपरीवर चहा पिता पिता ऐकावं तसं ऐकतो आणि घरी जातो. दुःख आपलं असेल तर गळाही आपलाच पाहिजे. बेसूर झाला तरी चालेल.

भजनवाल्यांचं म्हणणं मात्र आम्ही मान खाली घालून ऐकतो. गिरणगावातल्या चाळीचाळीत भजनी मंडळं होती. पाळी सुटली, आंघोळ झाली, की कोकणातला गडी मृदंगावर आणि घाटावरचा गडी टाळावर बसायचा. कुणाच्या खोलीत मयत झालं तर पहिल्या हाकेला हेच धावले. गावाला पोचवायला पैसे नव्हते तेव्हा वर्गणी यांनीच काढली. टाळाच्या त्या नादात मोठी सोबत आहे. पण नुसतं भजनच ठेवलं तर दोन गोष्टी राहून जातात. पहिली, जोसेफ आणि वेदीसिंग यांच्या घरच्यांना आपण परके करतो. दुसरी, भजन माणसाला देवाच्या पायाशी नेऊन शांत करतं, आणि ते त्याचं कामच आहे; पण ही माणसं तापानं किंवा म्हातारपणानं गेली नाहीत. ती मारली गेली. ती का मारली गेली, हे गाण्यात आलं नाही तर दुःख अर्धंच गायलं जातं.

ते उरलेलं अर्धं शाहीर गातो. आणि इथे आपल्याला कुणाच्या दारात उसनं मागायला जायची गरज नाही. १९४६ साली अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, तेव्हा अण्णा भाऊ साठ्यांनी त्यांच्यावर ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हा पोवाडा रचला. तोवर पोवाडा म्हटलं की राजे, सरदार आणि गड-किल्ले! आता साच्यावर आणि मागावर राबणारा माणूस पोवाड्याचा नायक झाला. वाटेगावचे अण्णा भाऊ गिरणीत राबले होते, बार्शीचे अमर शेखही गिरणीत राबले होते. द. ना. गवाणकरांना घेऊन त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि सरकारला त्या डफाची एवढी धास्ती वाटली की कलापथकावर बंदी आली. दोन्ही शाहीर १९६९ साली, थोड्याच दिवसांच्या अंतरानं गेले. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना मैदानं भरली ती जितकी पुढाऱ्यांच्या भाषणांनी, तितकीच त्यांच्या आवाजानं.

आणि अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ आठवा. ती लावणी आहे! गावी बायको टाकून मुंबईला पोट भरायला आलेल्या गड्याची लावणी. ताल नाचरा, चाल ओळखीची. पण त्याच विरहात त्यांनी बेळगाव, कारवार, निपाणी यांचा विरह घातला, आणि फडातलं गाणं चळवळीचं झालं. यातून आम्ही हे शिकतो की शोकाचं गाणं संथच पाहिजे, रडवेलंच पाहिजे, असा काही कायदा नाही. ज्याचं दुःख आहे त्याच्या ओळखीची चाल पाहिजे, म्हणजे शब्द काळजात उतरतो.

पण शाहीरप्रेमी मित्रालाही एक गोष्ट सांगायची आहे. नुसता जोश नको. डफ कडाडला, मुठी वर गेल्या, टाळ्या पडल्या आणि संपलं, असं झालं तर मेलेल्यांच्या आया-बायकांचं काय? गोळीबारानंतर ज्या खोल्यांत चूल थंड पडली, त्या खोल्यांचं गाणं कोण गाणार? ते गाणं बायकांकडे आहे. जात्यावरच्या ओवीला ना पेटी लागते ना व्यासपीठ. वाइंडिंग खात्यात हात चालवता चालवता, खानावळीत भाकऱ्या थापता थापता आपल्या बायांनी ओव्या म्हटल्या. त्यांना आपण सभेत सतरंजीच्या कडेला बसवतो आणि म्हणतो, भगिनींची उपस्थिती लक्षणीय होती! यंदा त्यांना मध्यभागी बसवा.

आणि आणखी एक. १९५६ सालीच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यांच्या माणसांनी ते दुःख जलशांतून आणि भीमगीतांतून असं गायलं की आजही ते गाणं वस्तीवस्तीत जिवंत आहे. मोहरमला आपल्याच शेजारचे मुसलमान भाऊ तेराशे वर्षांपूर्वीच्या शहिदांसाठी मर्सिये गातात. एवढ्या वर्षांनी दुःख ताजं कसं राहिलं? कारण दर वर्षी माणसं स्वतः गातात, आणि नावं घेऊन गातात. यातलं शहाणपण आपण घेतलं पाहिजे. अहमदाबादही गिरण्यांचं शहर. तिथेही ८ ऑगस्ट १९५६ ला महागुजरात मागणारी कोवळी पोरं गोळीला बळी पडली. त्यांच्या आयांचा हुंदका काही वेगळ्या भाषेतला नव्हता.

तेव्हा आम्ही कार्यक्रम सुचवतो, तो असा. पटला तर करा, सुधारून करा, पण करा.

पहिल्यांदा दोन मिनिटं शांतता. गोंगाटात जन्म घालवलेल्या कामगाराइतकी शांततेची किंमत कुणाला कळणार? मग हुतात्म्यांची सगळी नावं वाचायची. प्रत्येक नावानंतर डफावर एकच थाप. दुसरं वाद्य नाही. एका नावाला पाच सेकंद धरले तरी १०७ नावांना नऊ मिनिटं लागतात. जी माणसं आयुष्य देऊन गेली त्यांना नऊ मिनिटं देणं जड आहे काय? नावं पुढाऱ्यानं वाचू नयेत, वस्तीतल्या शाळकरी पोरापोरींनी वाचावीत, म्हणजे ती त्यांच्या तोंडात बसतील.

त्यानंतर बायकांच्या ओव्या. मग एक अभंग, आणि त्याला जोडून वस्तीत जे कुणी असतील त्यांचं एकेक गाणं: भीमगीत असो, मर्सिया असो, चर्चमधली प्रार्थना असो. मग पोवाडा. त्यात तारखा आल्या पाहिजेत, रस्त्यांची नावं आली पाहिजेत, आणि गोळी कुणी का चालवली हे आलं पाहिजे. जुना मिळाला नाही तर नवा रचा. आपल्यात शाहीर नाहीत असं आम्हाला कुणी सांगू नये. झील मात्र सगळ्या सभेनं धरायची, सभेतला प्रत्येक माणूस झीलकरी! आणि शाहीरबुवांना विनंती की तुमचा आवाज आभाळाला भिडतो हे खरं, पण सगळ्यांनी म्हणायचं कडवं जरा खालच्या पट्टीत घ्या, म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्यालाही म्हणता येईल.

शेवटी उभं राहून ‘जय जय महाराष्ट्र माझा’. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज. २०२३ साली ते राज्यगीत झालं. ते आनंदाचं गाणं आहे, म्हणून शेवटीच पाहिजे. १ मे १९६० चा गुलाल आधी उधळायचा आणि त्यासाठी पडलेली माणसं मागून आठवायची, हा उलटा हिशेब आपण करणार नाही.

बंधूंनो, तुमच्यातले कुणी मुंबईच्या बंद गिरण्यांचे आहेत, कुणी सोलापूर, इचलकरंजी, भिवंडीच्या मागांवरचे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या मोठ्या संपानंतर गिरणगावच्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या. भोंगे थांबले. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. ज्यांच्या रक्तानं मुंबई महाराष्ट्रात आली त्यांच्या नातवंडांना त्याच मुंबईत खोली मिळेना. आणि बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट १९६० नंतरही तशीच राहिली. जमीन गेली, काम गेलं, भोंगा गेला. गळा मात्र अजून कुणी लिलावात काढलेला नाही!

हुतात्मा चौकात दगडाचा शेतकरी आणि दगडाचा कामगार मशाल धरून उभे आहेत. ते बोलू शकत नाहीत. त्यांच्यासाठी तोंड आपण उघडायचं आहे. २१ तारखेला या. बायकापोरांना घेऊन या. हार नाही आणला तरी चालेल, गाणं पाठ करून या. आणि पहिली थाप पडेल तेव्हा शेजारच्याकडे बघू नका, तो गातो की नाही म्हणून. तुम्ही सुरुवात करा.

हुतात्मे अमर रहे! जय महाराष्ट्र!