म्युलर : एका आडनावाची गोष्ट

शाळेत हजेरी घेणाऱ्या गुरुजींची एक अडचण नेहमीची असते. ‘शिंदे’ म्हटले की तीन मुले एकदम ‘हजर’ म्हणून ओरडतात. ‘पाटील’ म्हटले की चार. मग गुरुजी मुलाचे नाव घेतात, वडिलांचे नाव घेतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ‘वरच्या आळीतला’, ‘मळ्यातला’ असे काहीतरी जोडून देतात. आज मी तुम्हांला ज्या आडनावाची गोष्ट सांगणार आहे, त्याने जर्मनीतल्या गुरुजींना असेच पेचात टाकलेले आहे. ते आडनाव म्हणजे म्युलर. जर्मनीत सर्वांत जास्त लोकांचे आडनाव हेच. दर शंभर माणसांत सुमारे एक माणूस म्युलर. शेजारच्या स्वित्झर्लंडातही पहिला नंबर त्याचाच.

आता हे आडनाव उच्चारायचे कसे ते आधी पाहू. तोंडाने ‘इ’ म्हणा, पण ओठ मात्र ‘उ’ म्हणताना करतो तसे गोल करा. जो आवाज निघेल तो जर्मन भाषेतला खास स्वर. आपल्याला तो लिहिता येत नाही, म्हणून आपण कधी म्युलर म्हणतो, कधी मुल्लर. हा गोल ओठांचा स्वर ध्यानात ठेवा बरं का. पुढे त्याचे काम पडणार आहे.

म्युलर या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे. म्युलर म्हणजे दळून देणारा, गिरणीवाला. पण गिरणी म्हटल्यावर विजेची मोटार आणि पट्टा डोळ्यांपुढे आणू नका. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ओढ्याच्या नाहीतर नदीच्या पाण्यावर चाक फिरते आणि चाकाबरोबर दगडाची तळी फिरते. युरोपातले गहू आणि राय हे धान्य शेकडो वर्षे अशाच चक्क्यांवर दळले गेले.

त्याआधी तिकडेही घरोघर जातेच होते. जात्याला जुन्या जर्मन भाषेत घरचा शब्द होता, ‘क्विर्न’. आपल्या ऋग्वेदात सोम कुटण्याच्या दगडाला ‘ग्रावन्’ म्हणतात, त्याचा हा दूरचा भाऊ. मग रोमन लोकांबरोबर पाणचक्की आली, आणि तिच्याबरोबर तिचे लॅटिन नावही आले, ‘मोलिना’. चक्की चालवणारा तो ‘मोलिनारिउस’. जर्मन तोंडात या शब्दाची झीज होत होत पुढे ‘म्युल्नर’ झाले, आणि शेवटी म्युलर. नवे यंत्र आले म्हणजे त्याचे नावही परक्या भाषेतून येते, हे आपण मोटार आणि पंप यांच्या बाबतीत पाहिलेच आहे.

पण धंद्याचे नाव आणि आडनाव या दोन वेगळ्या गोष्टी. बाराव्या शतकापर्यंत जर्मनीत सामान्य माणसाला एकच नाव असे. कोणी कोनराड, कोणी हाइनरिश, कोणी योहान. गावे लहान होती तोवर हे चालले. पुढे ऱ्हाइन नदीच्या काठची शहरे वाढली. कर गोळा करायचा, जमिनीचे खत लिहायचे, तर कुठला योहान? मग कारकुनाने आपल्या गुरुजींसारखेच केले. योहानच्या पुढे काहीतरी खूण जोडली. कोणाला बापाचे नाव, पेटरचा मुलगा तो पेटरझन. कोणाला शरीराची खूण, बुटका तो क्लाइन. कोणाला राहत्या जागेची, ओढ्याजवळ राहणारा तो बाख. आणि कोणाला धंद्याची : लोहार तो श्मिट, शिंपी तो श्नायडर, चक्कीवाला तो म्युलर. आरंभी ही खूण एका माणसापुरती होती. हळूहळू ती मुलाकडे आणि नातवाकडे जाऊ लागली. सुतारकाम करणाऱ्या नातवाचेही आडनाव म्युलर राहिले, तेव्हा ते खरे आडनाव झाले. दक्षिणेत आणि पश्चिमेत हे आधी झाले, उत्तरेत उशिरा. अगदी समुद्रकाठच्या फ्रिसलंडात तर १८११ साली नेपोलियनच्या राजवटीचा हुकूम निघाला, तरीही बापाचेच नाव लावण्याची चाल लवकर सुटली नाही.

आता तुम्ही विचाराल, गावात शेतकरी शंभर आणि चक्कीवाला एक. मग शेतकऱ्याचे आडनाव पहिल्या नंबरला असायला हवे; चक्कीवाल्याचे कसे?

उत्तर प्रश्नातच आहे. ज्या गावात सगळेच शेतकरी, तिथे ‘योहान शेतकरी’ म्हणून कोणाची ओळख पटणार? पण ‘योहान चक्कीवाला’ म्हटले की दुसरा कोणी असूच शकत नाही. खूण म्हणून उपयोगी पडते ती वेगळी असलेली गोष्ट. आणि चक्की तर गावोगाव होती. एका गावात एक म्युलर, पण गावे हजारो. म्हणून हजारो ठिकाणी, एकमेकांना न विचारता, हेच आडनाव उगवले. त्यामुळे जर्मनीतले सगळे म्युलर एका घराण्याचे मुळीच नव्हेत. एकाच आडनावाचे दोघे भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत.

आणखीही एक कारण आहे. कुंभाराला जर्मनीत पूर्वेकडे ट्योप्फर म्हणत, दक्षिणेकडे हाफ्नर, पश्चिमेकडे ऑयलर. त्यामुळे कुंभारांची संख्या तीन-चार आडनावांत वाटली गेली. चक्कीवाल्याला मात्र सगळीकडे एकच शब्द. फरक पडला तो फक्त उच्चाराचा. आता मघाचा गोल ओठांचा स्वर आठवा. दक्षिणेच्या श्वाबिया आणि बव्हेरिया भागांत बोलताना ओठ गोल करीत नाहीत, म्हणून तिथे काही घराणी ‘मिलर’ झाली. उत्तरेच्या सखल मुलखात तोंड थोडे अधिक उघडते, म्हणून तिथे ‘म्योलर’. हाच म्योलर पुढे डेन्मार्कातही भेटतो. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिन शिकलेल्या काही विद्वानांना साधे आडनाव कमीपणाचे वाटले, तेव्हा त्यांनी त्याचे ‘मोलिटर’ असे लॅटिन रूप करून घेतले. अर्थ तोच, फक्त अंगावर शालजोडी!

विद्वानांना असा कमीपणा का वाटावा, याला मात्र एक कारण होते, आणि माझ्या मते या आडनावाच्या कहाणीतला हाच खरा गाभा आहे.

चक्की बहुधा जमीनदाराच्या मालकीची असे. गावकऱ्यांनी आपले धान्य त्याच चक्कीवर दळले पाहिजे, दुसरीकडे नेता कामा नये, असा दंडक असे. दळणावळ म्हणून चक्कीवाला धान्यातूनच वाटा काढून घेई. पुष्कळ ठिकाणी तो सोळाव्या हिश्श्याच्या आसपास असे. आता बंद पोत्यातून कोणी किती काढले, हे कोण पाहणार? पीठ कमी भरले की संशय चक्कीवाल्यावर. त्यातून चक्की गावाबाहेर ओढ्यावर, आणि पाणी असेल तेव्हा रात्रीबेरात्रीही चालणारी. म्हणून अनेक भागांत त्याच्या धंद्याला ‘मान नसलेला धंदा’ ठरवले. त्याच्या हातचे पीठ सगळ्यांना चाले, पण त्याच्या मुलाला शिंपी किंवा सोनार व्हायचे असेल तर त्या त्या धंद्याचे संघ दार लावून घेत. बापाने दळले म्हणून मुलगा उमेदवारीलाही नको!

१५४८ साली जर्मन साम्राज्याने सबंध देशासाठी कायदा केला. विणकर, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले अशा लोकांच्या मुलांना केवळ बापाच्या धंद्यामुळे संघाबाहेर ठेवू नये, असे त्यात लिहिले होते. पण १५७७ साली तीच गोष्ट पुन्हा कायद्यात लिहावी लागली. श्रोतेहो, एकच हुकूम दोनदा काढावा लागतो, याचा अर्थ तुम्हांला समजावून सांगायला नको. कागदावरची ओळ बदलते एका दिवसात. लोकांच्या मनातली बदलायला पिढ्या जातात. चक्कीचा दंडकही टिकून राहिला. प्रशियात तो १८१० साली रद्द झाला. मग ज्याला जिथे दळायचे तिथे तो दळू लागला, आणि संशयाचे मूळच गेले.

ज्या आडनावाच्या मुलाला एके काळी दार बंद होते, ते आज त्या देशात सर्वांत मोठे आडनाव आहे; आणि ते ऐकून कोणी नाक मुरडत नाही.

आज हे आडनाव कुठे कुठे आहे? फ्रायबुर्ग आणि माइन्त्स इथल्या विद्यापीठांनी २००५ सालच्या टेलिफोनधारकांच्या यादीवरून जर्मन आडनावांचे नकाशे तयार केले. ते २००९ पासून खंडांच्या रूपाने निघाले. गावोगावचे टेलिफोन मोजायचे आणि नकाशावर ठिपके द्यायचे, अशी ही रीत. देशाच्या पश्चिमेला, सार आणि ऱ्हाइनच्या बाजूला, म्युलरची दाटी दिसते. वायव्येच्या लोअर सॅक्सनीत मायर हे आडनाव त्याच्या पुढे जाते. अगदी उत्तरेला हान्झन, पेटरझन अशी बापाच्या नावावरची आडनावे जास्त. ऑस्ट्रियात ग्रूबर पहिला. फ्रान्सच्या आल्सास भागात म्युलर पुष्कळ, पण तिथे स्वरावरचे दोन ठिपके गळालेले असतात.

समुद्रापलीकडेही हे आडनाव गेले. १६८३ साली पेन्सिल्व्हेनियात जर्मनटाउन वसले, आणि पुढे लाखो जर्मन अमेरिकेत गेले. तिथे पुष्कळ म्युलरांचे मिलर झाले, कारण इंग्रजीत चक्कीवाल्याला तोच शब्द. अमेरिकेच्या २०१० सालच्या जनगणनेत मिलर सातव्या नंबरला आहे, साडेअकरा लाखांहून अधिक माणसे. त्यांतले सगळे जर्मन नव्हेत, इंग्लंड-स्कॉटलंडचे मिलरही त्यांत आहेत. दक्षिण ब्राझीलमध्ये १८२४ पासून जर्मन शेतकरी वसाहत करू लागले. अशाच वसाहतकऱ्यांच्या घरातला लाउरो म्युलर १९१२ साली ब्राझीलचा परराष्ट्रमंत्री झाला. रुमानियातल्या जर्मन खेड्यात जन्मलेल्या हेर्टा म्युलर यांना २००९ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतकेच नव्हे, तर तीन म्युलर आपल्या दारापर्यंतही आलेले आहेत.

पहिले माक्स म्युलर. जन्म १८२३, जर्मनीतल्या डेसाउ गावी. आडनाव फार सामान्य, हजारोंत हरवून जाईल, म्हणून त्यांनी आपले ‘माक्स’ हे नावच आडनावाला जोडून घेतले. हजेरीतल्या गुरुजींचीच युक्ती! वडील विल्हेल्म म्युलर कवी होते, आणि गंमत अशी की त्यांची नावाजलेली गीतमालाही एका चक्कीवाल्याच्या मुलीवरच आहे. माक्स म्युलरांनी ऑक्सफर्डला राहून सायणभाष्यासह ऋग्वेद छापला. १८४९ पासून पंचवीस वर्षे हे काम चालले. ग्रंथावर संस्कृतात त्यांनी स्वतःला ‘मोक्षमूलर’ म्हणवून घेतले. चक्कीवाला मोक्षाच्या मुळाशी जाऊन बसला! लोकमान्य टिळक १८९७ साली राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात गेले, तेव्हा याच म्युलरांनी त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली आणि त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत अर्जही केला. पुण्या-मुंबईची मॅक्समुल्लर भवने त्यांच्याच नावाची.

दुसरे पाउल म्युलर, स्वित्झर्लंडचे. डी.डी.टी.ने कीटक मरतात हे त्यांनी १९३९ साली शोधले, आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळाले. १९५३ पासून हिवतापाच्या मोहिमेत आपल्या घरांच्या भिंतींवर जी फवारणी झाली, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या औषधाचे पाखरांवर आणि पाण्यावर होणारे दुष्परिणाम पुढे कळले, तेही मुलांना सांगायला हवे.

तिसरे हर्मन म्युलर, अमेरिकेचे. त्यांचे आजोबा १८४८ च्या जर्मनीतल्या उठावानंतर तिकडे गेले. क्ष-किरणांनी बीजात बदल घडतात हे त्यांनी १९२७ साली दाखवले, आणि १९४६ साली नोबेल मिळवले. त्याच वाटेने पुढे जाऊन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे नवे वाण काढले. टॅग-२४ तुमच्यापैकी कित्येकांनी पेरले असेल.

या तिघांपैकी कोणीही पीठ दळले नाही. पण कुठल्या तरी ओढ्याकाठी, पिठाने पांढरा झालेला, गावाचा संशय सोसणारा एक पूर्वज प्रत्येकाच्या मागे उभा आहे.

जर्मनीतल्या खेड्यांतल्या चक्क्या आता बहुतेक थांबल्या. १९९४ पासून दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सोमवारी तिथे चक्की-दिन पाळतात. उरलेल्या जुन्या चक्क्या लोकांसाठी उघडतात, आणि मुले चाक फिरताना पाहतात. त्या मुलांत चारदोन म्युलर असणारच.

गुरुजनहो, उद्या हजेरी घ्याल तेव्हा एखादे मूल आपले आडनाव हळू आवाजात सांगेल. का सांगते, ते तुम्ही ओळखालच. त्याला ही गोष्ट सांगा. आडनाव पूर्वजाने कोणते काम केले ते सांगते, आणि त्या काळचे लोक त्याच्याकडे कसे पाहत तेही सांगते. समोर बसलेल्या मुलाची किंमत मात्र ते सांगत नाही. ती अजून ठरायची आहे, आणि ती ठरवण्यात तुमचाही हात आहे. म्हणून त्याचे आडनाव तुम्ही मोठ्याने आणि नीट उच्चारा, म्हणजे तेही मोठ्याने ‘हजर’ म्हणेल.