एका मुलाचे दोन आवाज

ॲनिमे म्हटलं की आपल्याकडे अजून ‘पोरांचं कार्टून’ असाच समज आहे. डोरेमॉनच्या कृपेनं नोबिताच्या टेबलाच्या खणातलं टाइम मशीन मात्र घरोघरी पोचलंय. आज जिच्याविषयी बोलणार आहे त्या मालिकेत तसलं यंत्रबिंत्र काही नाही. तिचं नाव ‘इरेज्ड’, जपानीत ‘बोकु दाके गा इनाइ माची’. केई सानबे यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेली ही मालिका २०१६च्या जानेवारी ते मार्चमध्ये जपानी टीव्हीवर आली. भाग बाराच.

सातोरू फुजिनुमा २९ वर्षांचा आहे. मांगाकार व्हायचं होतं, ते रखडलंय; पोटासाठी घरोघर पिझ्झा पोचवतो. आसपास काही विपरीत घडणार असलं की तो आपोआप काही मिनिटं मागे जातो आणि काय खटकतंय ते शोधत बसतो. मग २००६ साली त्याच्या आईचा खून होतो, संशय त्याच्यावरच येतो, आणि या खेपेला तो एकदम अठरा वर्षं मागे फेकला जातो. १९८८, होक्काइडोचा बर्फ, पाचवीचा वर्ग. त्या वर्गात कायो हिनाझुकी नावाची एक अबोल मुलगी आहे. ती लवकरच नाहीशी होणार, हे एकट्या त्याला ठाऊक आहे.

तो मागे जातो कसा, हे मला विचारू नका. मालिकेलाही त्यात फारसा रस नाही. मला सांगायचंय ते आवाजाचं.

दहा वर्षांचा सातोरू बोलतो तेव्हा आवाज पोराचा असतो. तो ताओ त्सुचिया या अभिनेत्रीनं दिलाय. पण तोच पोरगा मनाशी बोलू लागला की ऐकू येतो शिन्नोसुके मित्सुशिमा, म्हणजे मोठा सातोरू. गुबगुबीत गाल, पाठीवर दप्तर आणि आत हा कोरडा, थोडा दमलेला पुरुषी आवाज! गंमत अशी, की मनातलं तोंडातून निसटायची सातोरूला खोडच आहे. आत काहीतरी गंभीर चाललेलं असतं, ते भलत्याच क्षणी पोराच्या आवाजात बाहेर पडतं आणि कायो थंडपणे विचारते, “बावळट आहेस का?” हे दोघं एरवी पडद्यावर काम करणारे कलाकार. सराईत आवाजांची सफाई त्यांच्याकडे नाही, अशी तक्रार मी ऐकलीय. मला तर ती सफाई नाही म्हणूनच हा सातोरू खरा वाटतो.

श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. पात्र मनाशी बोलायचं तेव्हा नट मायक्रोफोनच्या अगदी जवळ यायचा, आवाज खाली उतरायचा, आणि तो आपल्याच कानाशी बोलतोय असं वाटायचं. आमच्या घरी त्या वेळी कुणी भांडं जरी आपटलं तरी आजोबा डोळे वटारायचे. आता लोक एका हातात मोबाईल धरून मालिका पाहतात, तीही दीडपट वेगानं. दीडपट वेगात सातोरूच्या आवाजाचा थकवा कसा कळणार?

सातोरूच्या आईचंही ऐका. साचिकोला आवाज दिलाय मिनामी ताकायामा यांनी. ‘डिटेक्टिव्ह कोनन’मधला पोराच्या अंगात अडकलेला गुप्तहेर त्यांचाच. इथे त्यांचा सूर सैल, थट्टेखोर आहे, आणि या बाईच्या नजरेतून काहीही सुटत नाही. घरी मार खाणाऱ्या कायोला ती एका सकाळी साधी न्याहारी वाढते. गरम भात, मिसो सूप. पोरगी समोरच्या ताटाकडे बघतच राहते आणि मग रडू लागते. तिच्या घरी आजवर काय मिळत आलं असेल, ते कुणी बोलून दाखवत नाही. युकी काजिउरा यांचं संगीत मालिकेत इतरत्र चांगलंच दाटून येतं, कधी कधी जरा जास्तच. पण या प्रसंगात मला लक्षात राहतं ते पोरीचं मुसमुसणं.

खुनी कोण, हे तुम्ही बहुधा निम्म्यातच ओळखाल. ओळखलंत तर शेजारच्याला सांगू नका, एवढंच. रहस्य म्हणून मालिका मध्यम आहे, शेवटचे भाग घाईत उरकलेत. पण एका एकट्या पोरीकडे कुणाचं तरी लक्ष असणं म्हणजे काय, हे ती फार नेमकं दाखवते.

आणि सुरुवातीचं गाणं ओलांडून पुढे जाऊ नका. ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ या बँडचं हे २००४ सालचं गाणं, नव्यानं ध्वनिमुद्रित केलेलं. शेवटाकडच्या एका भागात गाणं तेच राहतं, त्यावरची चित्रं मात्र बदलतात. काय बदललं ते तुम्हीच शोधा. मूळ जपानी आवाजातच पाहा, खाली अक्षरं असतातच. घरात लहान मुलं असतील तर आधी तुम्ही एकट्यानं पाहा. मारहाणीचे प्रसंग अंगावर येतात.