खाण, सातबारा आणि सम्यक् आजीविका

(शहागड येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



ज्या गोदावरीच्या काठी आज आपण जमलो आहोत, तिच्या पात्रातील वाळू हेही खनिजच होय. कायदा त्यास गौण खनिज म्हणतो. पण ह्या खनिजात आपला वाटा किती? फावडे मारण्यापुरता! म्हणून "कंपनी आली की गावाचा उद्धार झाला", असे जेव्हा आपणांस सांगण्यात येते, तेव्हा उद्धार कोणाचा, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

खाणींनी काहीच दिले नाही, असे मी म्हणणार नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणी 1962 साली सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आल्या. चंद्रपूर, वणी, उमरेड येथील कोळसा आज वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी काढते. कायम नोकरी मिळालेल्या मजुरास ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना मिळाला. त्याची मुले शाळेत गेली. गावकीच्या कामातून सुटलेल्या माणसास ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ह्या नोकरीच्या दारास तीन कुलुपे आहेत.

पहिले कुलूप सातबाऱ्याचे. कोळसा कंपनीच्या पुनर्वसन धोरणात साधारणतः दर दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, असा हिशेब आहे. ज्याच्या नावे जमीन, त्याच्या घरी नोकरी. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या भूमिहीनाचे काय? गाव दोघांचेही उठते. नोकरीचा हक्क मात्र एकाचाच!

दुसरे कुलूप धर्माचे. 1956 साली आपण धम्म स्वीकारला. महाराष्ट्र राज्याने 1960 साली आपणांस सवलती दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांस अनुसूचित जातींचे आरक्षण 1990 पर्यंत नव्हते. चौतीस वर्षे आपल्या माणसांस धम्म की भाकर, अशी निवड करावी लागली. ते कुलूप आता निघाले आहे. म्हणून "दीक्षा घेतली तर पोराची नोकरी जाईल", असे कोणी भिववील तर त्यास 1990 चा कायदा दाखवा.

तिसरे कुलूप ठेकेदारीचे. कोळशावरची माती उपसण्याचे काम आज मोठ्या प्रमाणात ठेकेदाराकडून होते. त्याच्या मजुरास आरक्षण नाही; खाजगी कंपनीवरही त्याचे बंधन नाही. म्हणजे एक दार उघडले, तोच घराची भिंत दुसरीकडे सरकली!

बाबासाहेब 1942 ते 1946 ह्या काळात व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादकडील कोळसा खाणी पाहण्यास स्वतः गेले. 1944 साली खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर कर बसवून मजुरांच्या कल्याणाचा निधी उभारण्यात आला. ह्यामागील तत्त्व ध्यानात घ्या. मालकाने दया म्हणून दवाखाना बांधावा, असे ते तत्त्व नव्हे. मजुराने जे काढले त्यातलाच भाग कायद्याने त्याच्याकडे परत यावा, हे ते तत्त्व होय. 2015 च्या दुरुस्तीने स्थापन झालेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान त्याच जातीचे आहे. खाणबाधित लोकांचे पाणी, आरोग्य व शिक्षण ह्यांसाठी तो पैसा असतो.

मग आपण करावे काय? प्रथम, जमीन. 1959 व 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 1991 साली केला. ज्यांची वहिवाट त्या आधीची आहे, त्यांनी पुरावे जपावे, अर्ज करावे, पोच घ्यावी. दुसरे, ग्रामसभा. वाळूचा विषय निघेल त्या दिवशी घरातील स्त्री-पुरुष दोघांनीही हजर राहावे आणि खनिजाच्या पैशाचा हिशेब मागावा. तिसरे, मुलामुलींचे शिक्षण. खाणीस सर्वेक्षक, विद्युत्‌तंत्री, अभियंता लागतात. आपल्या मुलांनी केवळ टोपलेच का उचलावे?

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका सांगितली. जी उपजीविका दुसऱ्यास लुबाडीत नाही आणि स्वतःस लाचार करीत नाही, ती सम्यक्. नोकरी जरूर मागा. पण उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा.

जयभीम!