एका डब्यात चार संगणक
(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी सोसायटीच्या ऑफिसातला जुना संगणक बंद पडला, आणि "२००४ ते २०१२ चे हिशेब गेले" ही बातमी दोन दिवसांत सगळ्या विंग्जमध्ये पोचली. त्याच सुमारास आपल्या एक भगिनी फ्लॅट विकत होत्या. नव्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या नावावर लिफ्टच्या वर्गणीची २००९ सालची थकबाकी ओपनिंग बॅलन्स म्हणून दिसत होती. "ह्यांनी दोन हप्त्यांत भरली होती," असं त्या सांगत होत्या. यजमान हयात नाहीत, पावती सापडत नाही. वहीसुद्धा नाही, कारण त्या काळात आपण वह्या बंद करून मोठ्या अभिमानाने संगणक घेतला होता. (तो ठराव मीच मांडला होता, हेही सांगून टाकतो.)

आता माझ्या घरच्या डब्याविषयी. मुलाच्या ऑफिसातून भंगारात निघालेला छोटा डेस्कटॉप आहे, १६ जीबी मेमरीचा. त्यावर डेबियन लिनक्स टाकलंय. चोवीस तास चालू असतो. साधारण २५ वॉट खातो, म्हणजे महिन्याला १८ युनिट. घरात कटकट झाली तेव्हा मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला होता. या एका डब्यात चार संगणक चालतात. बँकेच्या लॉकर रूमसारखंच आहे ते. स्ट्राँगरूम एक, पण प्रत्येक लॉकरधारकाला आपलाच लॉकर दिसतो, शेजारच्याच्यात हात घालता येत नाही. या आतल्या संगणकांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना काही आजची नव्हे, आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० हे १९७२ सालीच जाहीर केलं होतं. लिनक्सच्या गाभ्यात ही सोय केव्हीएम या नावाने २००७ साली आली, आणि ती फुकट आहे.

सुरुवातीला माझं एकही मशीन चालेना. आठवडा गेला. शेवटी कळलं की प्रोसेसरमध्ये सोय होती, पण बायॉसमध्ये 'व्हर्च्युअलायझेशन' नावाचा एक पर्याय बंद होता, तो चालू करायचा एवढंच.

दुसरा धडा महाग पडला. व्हर्च्युअल डिस्क ४० जीबीची दाखवली तरी ती तेवढी जागा लगेच अडवत नाही, वापरेल तशी वाढते. कॅश क्रेडिटसारखं, मंजूर मर्यादा एक, उचल वेगळी. मी खुशाल मर्यादा मंजूर करत सुटलो. एका रात्री सगळ्यांनी मिळून एवढी उचल केली की खरी डिस्क भरली आणि मशिनं जागच्या जागी थांबली. आयुष्यभर दुसऱ्यांना जे समजावलं तेच मी घरी विसरलो! आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. रोजकीर्दीची नक्कल काढून त्याच कपाटात ठेवावी तसं. कपाट जळालं की दोन्ही गेलं. माझी डिस्क गेली तेव्हा नातवंडांच्या फोटोंना मी चार महिने खपून घातलेली नावं गेली.

तर ऑफिसातला तो संगणक. मदरबोर्ड गेला होता, पण ४० जीबीची हार्ड डिस्क कण्हत का होईना फिरत होती. सेक्रेटरींची लेखी परवानगी घेऊन ती मी अडॅप्टर लावून लिनक्सला जोडली. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो नीट वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो आणि खराब जागांकडे शेवटी पुन्हा वळतो. रात्रभर चाललं. सकाळी अख्खी डिस्क एका फाइलमध्ये आली होती. नंतर मूळ डिस्कला मी हात लावला नाही, आणि फाइलचीही एक प्रत काढून प्रतीवरच काम केलं.

पहिल्यांदा निळा पडदा. मी हौसेने वेगवान विर्टिओ डिस्क निवडली होती, आणि बिचाऱ्या विंडोज एक्सपीला ती ओळखीची नाही. साधी आयडीई निवडली, आणि हिरव्या टेकडीचं ते चित्र समोर आलं! लगेच पाठोपाठ सूचनाही आली, की यंत्र बदललेलं दिसतं, तीन दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेट करा. एक्सपीची देखभाल कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवलेली. त्यामुळे इंटरनेट मी मुद्दाम जोडलंच नव्हतं. म्हटलं, तीन दिवस पुष्कळ झाले.

नुसते आकडे तर लिनक्सवरही उघडले असते, कारण मूळ फाइली डीबीएफ होत्या. पण खातेउतारा तो जुना प्रोग्रॅमच काढून देतो. 'टेक्स्ट ओन्ली'चा प्रिंटर निवडून सगळ्या सभासदांचे उतारे कागदाऐवजी फाइलीत छापले. दुपारी बसलो तो रात्री दोनला उठलो.

त्या भगिनींच्या खात्यावर पहिला हप्ता जमा होता. दुसरा नव्हता. मग त्याच तारखेच्या सगळ्या जमा नोंदी काढल्या. बी-१२ ची रक्कम डी-१२ च्या खात्यात पडली होती. चेक नंबरसकट. त्या वर्षी खजिनदार मी होतो. नोंदही माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, म्हणाल्या, "ह्यांच्या पाठीमागे ह्यांना खोटं ठरवलं असं होऊ नये, एवढंच होतं." मला काही बोलता आलं नाही. कमिटीने ना-हरकत दाखला दिला. डी-१२ वाल्यांनीही कुरकुर न करता रक्कम वळती करून दिली.

ते एक्सपीचं मशीन आता बंद आहे. त्याची फाइल तीन डिस्कांवर ठेवली असून त्यातली एक ऑफिसच्या कपाटात आहे. कुणाला बघायचं असेल तर रविवारी अकरानंतर या, चहा आहेच. फक्त येताना कुणी आपापले पेन ड्राइव्ह आणू नका.