कोर्लईची ‘नो लिंग’



मुंबईत सांताक्रूझच्या पूर्वेला वाकोला नावाचं जुनं गाव आहे. आता ते शहराच्या पोटात गेलं आहे. मी तिथेच राहतो. माझ्या शेजारी एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती आजी आहेत. त्यांचं आडनाव पोर्तुगीज, घरात क्रूस. एकदा माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी त्यांना विचारलं, “आजी, घरात तुम्ही पोर्तुगीजच बोलत असाल?” आजी हसल्या. म्हणाल्या, “नाय रे बाबा, आमची मराठीच!”

आजींचं म्हणणं खरं आहे. हा साष्टीचा मुलूख १५३४ पासून चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३७-३९ पर्यंत, पोर्तुगीजांकडे होता. दोनशे वर्षांत धर्म बदलला, आडनावं बदलली, पण गावं जागची हलली नाहीत. तीच शेती, तोच बाजार, तेच शेजारी. म्हणून भाषाही तीच राहिली.

आता ह्याच्या अगदी उलट गोष्ट ऐका. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या एका तीरावर रेवदंडा, दुसऱ्या तीरावर कोर्लई. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याला ठाणं केलं आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरी किल्ला निजामशाहीकडून जिंकून घेतला. ठाण्यात शिपाई आले, चाकरमाणसं आली. स्थानिक लोक ख्रिस्ती झाले, लग्नसंबंध जुळले. एकमेकांशी बोलायचं तर निम्मी-शिम्मी पोर्तुगीज तोंडी आली. तेच मोडकं बोलणं पुढच्या पिढीच्या मुलांची मातृभाषा झालं.

१७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले. मग भाषाही जायला हवी होती, नाही का? पण ती गेली नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी ही ख्रिस्ती वस्ती राहिली. आसपासच्या गावांशी तिचा रोटीबेटीचा व्यवहार नव्हता. धर्म आड येई, जात आड येई. लग्नं आपसातच होत. चर्च हेच त्यांचं चावडीचं ठिकाण. असं वेगळेपण नशिबी आलं, आणि त्याच्याच आडोशाला ही भाषा टिकली.

तिचं नाव ‘नो लिंग’. व्याकरणातल्या लिंगाशी ह्याचा काही संबंध नाही बरं का! पोर्तुगीज ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, भाषा. शेवटचा ‘वा’ गळून पडला आणि ‘लिंग’ राहिलं. ‘नो’ म्हणजे आमची. आमची भाषा.

ह्या भाषेचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची चाल बरीचशी मराठी. पोर्तुगीज माणूस ‘मी खाल्ला भात’ अशा क्रमानं बोलतो. कोर्लईकर आपल्यासारखं क्रियापद शेवटी नेतो. अंगरखा परदेशी, पण शिवण कोकणातली! आणि आपण तरी कुठे कोरडे राहिलो? पाव, बटाटा, चावी, साबण, पगार, लिलाव, घमेलं, हे सारे पोर्तुगीजांकडूनच आपल्या घरात आले. आज त्यांना परके म्हणायची कोणाची छाती आहे?

क्लेमंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी कोर्लईत राहून अभ्यास केला आणि १९९६ मध्ये ह्या भाषेच्या जन्मावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दीव-दमण, श्रीलंकेतलं बट्टिकलोआ, मलेशियातलं मलाक्का इथेही पोर्तुगीजच्या अशा बहिणी आहेत. पण कोर्लईची बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. एक मध्यम गाव जत्रेला जमावं, इतकीच.

जी भिंत तिला राखत होती, ती आता पडते आहे. रस्ते झाले, शाळा झाली, नोकरीसाठी तरुण मुंबईला आले. भिंत पडली हे चांगलंच झालं. माणसांना वेगळं पाडून भाषा राखावी, असं कोण म्हणेल? पण मग ती राखायची कशी?

इथे शिक्षकबंधूंना एक सांगतो. तरुणपणी मी शाळेत शिकवत असताना एका मुलानं घरचा शब्द वहीत लिहिला. मी तो तांबड्या शाईनं खोडला आणि वर्गात हसलो. पुढे वर्षभर तो मुलगा माझ्या तासाला आपणहून बोलला नाही. शुद्ध मराठी मी शिकवली खरी, पण त्याची जीभ बांधून टाकली.

तुमच्या वर्गातही कोणाची कातकरी, कोणाची भिल्ली, कोणाची आगरी असेल. पुस्तकाची भाषा जरूर शिकवा; तिच्याशिवाय पोटापाण्याची वाट सापडत नाही. पण त्याआधी एकदा विचारा, “बाळ, ह्याला तुझ्या घरी काय म्हणतात?” आणि तो सांगेल तो शब्द फळ्यावर पुस्तकातल्या शब्दाशेजारी लिहा. खडूला खर्च फारसा येत नाही.

‘आमची भाषा’ असं म्हणताना मूल लाजलं नाही, तर ती भाषा आणखी एक पिढी जगते.